हौस कोंबड्यांची, चाकरी रोजची

घरी कोंबड्या पाळल्या आहेत असे सांगितले की समोरचा लगेच विचारतो, "रोज किती अंडी निघतात?" आम्हाला वाटते, आधी विचारायचा प्रश्न निराळा आहे. पहाटे खुराड्याचे दार कोण उघडणार आणि मगरिबच्या आत कोंबड्या कोण डालणार? दोन्हींचे उत्तर घरातल्या एकाच माणसावर, बहुधा अम्मीवर, येऊन थांबत असेल तर ती हौस फार दिवस टिकत नाही. आजूबाजूची चार घरे आम्ही अशी पाहिली आहेत. पिल्ले आणली मुलांनी, खुराडे बांधले अब्बांनी, आणि वर्षभराने विष्ठा खरवडत बसल्या त्या घरच्या बाई.

अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगरात, औद्योगिक वसाहतीच्या कडेला बैठ्या घरांच्या ज्या रांगा आहेत, तिथे आमच्या मागच्या अंगणात दहा-बारा कोंबड्या असतात. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, मुले घरात कोंडली गेली, तेव्हा हे सुरू झाले. भिवंडी, मुंब्रा, कल्याण, बदलापूर, जिथे म्हणून घराला हातभर अंगण आहे तिथे अनेकांनी त्याच सुमारास पिल्ले आणली. त्यातल्या बऱ्याच घरांत आज रिकामे खुराडे भंगार ठेवायला वापरतात. म्हणून नव्याने कोंबड्या घेऊ पाहणाऱ्या भगिनींसाठी आणि भावांसाठी ही हकिकत लिहीत आहोत.

दिवसाची सुरुवात कोंबड्याच्या आरवण्याने होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कोंबड्याची बांग ऐकल्यावर अल्लाहकडे त्याच्या कृपेची याचना करायला सांगितले आहे, कारण कोंबड्याने फरिश्ता पाहिलेला असतो, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अबू दाऊदच्या संग्रहात कोंबड्याला शिव्याशाप देऊ नका, तो नमाजसाठी जागे करतो, असा आदेश आहे. हे सगळे खरे. पण कोंबडा फजरपाशी थांबत नाही, हेही तितकेच खरे. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की कोंबड्याच्या शरीरात स्वतःचे घड्याळ असते आणि उजाडण्याच्या बऱ्याच आधी तो आरवू लागतो. त्यात रस्त्यावरचा दिवा किंवा गाडीचा झोत खुराड्यावर पडला की रात्री दोनलाही बांग होते. आमच्या गल्लीत निम्मी माणसे कारखान्यांत पाळीवर जातात. रात्रपाळी करून सकाळी सातला डोळा लागलेल्या शेजाऱ्याला कोंबड्याचे माहात्म्य सांगण्यात अर्थ नाही. शेजाऱ्याचा हक्कही दीनचाच भाग आहे.

आम्ही आधी खुराड्याला गोणपाट लावले. मग कोंबड्याला रात्री बुटक्या छताच्या खोक्यात ठेवून पाहिले, कारण मान ताणता आली नाही की आवाज कमी निघतो. थोडा फरक पडला. शेवटी मोठा कोंबडा गावी नातेवाइकांकडे पाठवला. त्यानंतर सगळ्यांनी एकच गोष्ट विचारली, आता अंडी कशी मिळणार? कोंबड्याशिवाय कोंबडी अंडी देते. त्यातून पिल्लू निघत नाही, एवढेच. दाट वस्तीत फक्त अंड्यांसाठी पाळायच्या असतील तर कोंबडा नसणेच बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फजरनंतर पहिले काम पाण्याचे. भांडे घासून, जुने पाणी ओतून, नवे भरायचे. कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते आणि उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट. नुसते वरून पाणी वाढवत राहिले की तळाशी बुळबुळीत थर धरतो आणि पोटाचे निम्मे आजार तिथून येतात. मग दाणा. पूर्ण वाढलेल्या कोंबडीला रोज ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. बारा कोंबड्यांना महिन्याला चाळीस किलोच्या वर. मका, तांदळाची कणी, कोंडा, पेंड यांचा भरडा आणि सोबत कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा. चुरा नसला की अंड्याचे कवच पातळ होते, अंडी खुराड्यातच फुटतात, आणि एकदा का कोंबडीला फुटक्या अंड्याची चटक लागली की ती स्वतःच चोच मारून अंडी फोडू लागते.

घरातले उरलेले अन्न घालता येते, पण बेताने. दावतीची उरलेली बिर्याणी कोंबड्यांना टाकण्याची आपल्याकडे फार सवय आहे. त्यातले मीठ-मसाला त्यांना सोसत नाही. बुरशी आलेला पाव किंवा भाकरी तर अजिबात नको. त्या बुरशीचे विष कोंबडीचे यकृत खराब करते. पावसाळ्यात खाद्याचे पोतेही जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावे लागते.

मग ते काम, ज्याचे नाव कोणी काढत नाही. खुराड्यात भाताच्या तुसाची दोन-तीन इंच गादी असते. रात्रीची विष्ठा बांबूखाली साचते. ती रोज खरवडून काढायची, गादी खाली-वर करायची, ओला भाग काढून कोरडे तूस घालायचे, आठवड्यातून एकदा चुना भुरभुरायचा. वीस मिनिटांचे काम आहे. दोन दिवस राहिले तर डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास येतो, आणि तो आधी शेजारच्या स्वयंपाकघरात पोहोचतो. आमच्या भागात रात्री-अपरात्री कारखान्यांचा उग्र वास सहन करणारी माणसे राहतात. त्यात आपली भर कशाला? काढलेली विष्ठा आम्ही पालापाचोळ्यात मुरवतो आणि तीन-चार महिन्यांनी कढीपत्त्याला, पपईला घालतो. ताजी घातली तर झाड जळते.

गटारात चरणाऱ्या कोंबड्या

गावात कोंबडी मोकळी चरते. किडे, दाणे, पाला खाऊन पोट भरते, मालकाला फार खर्च येत नाही. तीच पद्धत इथे आणावी म्हणून लोक कोंबड्या गल्लीत सोडतात. गल्लीत काय आहे? उघडे गटार, कचऱ्याचा ढीग, सांडपाणी. आमची वालधुनी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते, हजार वर्षांच्या शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगरातून कल्याणकडे जाते. वाटेत कारखान्यांचे आणि वस्तीचे पाणी घेत ती काय होते, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. अशा पाण्याच्या काठी चरलेल्या कोंबडीचे अंडे 'गावठी' म्हणून दुप्पट भावाने विकले जाते, याचे आम्हाला नेहमी आश्चर्य वाटते.

आपल्या फिक्हमध्ये यासाठी शब्द आहे, 'जल्लाला'. घाण खाऊन पोसलेले जनावर. अशा जनावराचे मांस आणि दूध वर्ज्य केल्याच्या हदिसा आहेत, आणि उलेमांनी तोडगा सांगितला आहे की त्याला बांधून ठेवावे, काही दिवस स्वच्छ चारा द्यावा, मग खावे. हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) घाणीत चरलेली कोंबडी तीन दिवस बंद ठेवून मग खात, अशी रिवायत आहे. जुनी माणसे हे पाळत. कोंबडी कापायची म्हटली की तीन दिवस आधी ती डालग्याखाली जाई, आणि पाहुण्यांना वाटे की ती पळून जाऊ नये म्हणून.

आम्ही कोंबड्या जाळीतच ठेवतो. प्रत्येकीला निदान दोन चौरस फूट जागा आतमध्ये आणि त्याहून मोठी मोकळी जागा बाहेर. असरनंतर तासभर अंगणात सोडतो, पण तेव्हा घरातले एक माणूस तिथे बसलेले असते. त्या वेळेत कोंबड्या मातीत खड्डा करून लोळतात. तो खेळ नाही, ती त्यांची आंघोळ आहे; अंगावरच्या उवा-पिसवा त्यानेच झडतात. त्या खड्ड्यात चुलीची राख टाकली तर उत्तम.

रवण आणि त्यानंतरचे प्रश्न

एखादी कोंबडी खुडूक होते. अंडी द्यायचे थांबवते, पिसे फुलवून घरट्यात बसून राहते, हात नेला की टोचते. मुलांना पिल्ले हवीच असतात. मग गावाकडून फळलेली अंडी आणून तिला रवणीला बसवायचे. एकवीस दिवस. ती दिवसातून एकदा, दहा-पंधरा मिनिटे उठते. तेवढ्यात तिचे दाणा-पाणी झाले पाहिजे. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंडी टॉर्चवर धरून पाहावीत. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे, नाही तर ते अंडे काढून टाकावे.

आई असेल तर उबेची काळजी नसते. बाजारातून एका दिवसाची पिल्ले आणली तर पहिल्या आठवड्यात ३५ अंश ऊब द्यावी लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. पूर्वी साठ किंवा शंभर वॅटचा पिवळा बल्ब टांगला की काम होई. आता दुकानात एलईडी मिळतात आणि ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. जुना बल्ब शोधत उल्हासनगरच्या बाजारात फिरणे हाही या हौसेचा एक भाग झाला आहे. शिवाय वीज गेली तर काय, याचा विचार आधीच हवा. आम्ही गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून तयार ठेवतो.

निघालेल्या पिल्लांत जवळपास निम्मे नर असतात. खरा कठीण भाग इथे सुरू होतो. चार-पाच महिन्यांचे झाले की ते आरवू लागतात, आपसात भांडतात, तुरे रक्ताळतात. त्यांना ठेवता येत नाही. आणि मुलांनी तोवर त्यांची नावे ठेवलेली असतात. आमच्या मुलीने एका कोंबड्याचे नाव 'सुलतान' ठेवले होते. त्याची पाळी आली तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही.

मुलांना या वेळी हसू नये, की 'कोंबडी तर आहे' म्हणू नये. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर लहान होता, त्याचा पाळलेला चिमुकला पक्षी मेला, तर प्रेषित (स.) यांनी त्याची आस्थेने विचारपूस केली, पक्ष्याचे नाव घेऊन केली. मुलांचे दुःख मोठ्यांनी कसे ऐकावे, हे आम्ही त्या प्रसंगातून शिकलो. पण मुलीपासून सत्यही लपवले नाही. तिला सांगितले की दावतीत आवडीने खाल्लेली कोंबडीही अशाच कोणा खुराड्यातून आलेली असते. जबिहा करताना सुरी धारदार असावी, जनावराला तडफडायला लावू नये, अशी सहीह मुस्लिममध्ये शिकवण आहे. जनावरासमोर सुरी पाजळू नये, असेही रिवायतींत आले आहे. आम्ही त्यासाठी अंगणाचा दुसरा कोपरा ठेवला आहे, बाकीच्या कोंबड्यांच्या नजरेआड. सुलतानचे मांस आम्ही घरी शिजवले नाही, शेजारी वाटले. मुलीने आता नियम केला आहे, तलंगांना नावे ठेवायची, नरांना नाही.

ऊन, पाऊस, मुंगूस

कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून, पंख पसरून ती धापा टाकते आणि तेवढ्यावरच शरीर थंड ठेवते. समुद्रापासून आत असलेल्या आमच्या पट्ट्यात मार्च ते मे पारा ४० च्या पुढे जातो, कधी ४२ लाही टेकतो. पत्र्याच्या छताखाली तर विचारूच नका. पत्र्यावर गवताचे किंवा नारळाच्या झावळ्यांचे आच्छादन, बाजूंना ओली गोणपाटे, दुपारी दाणा बंद, पाण्यात थोडा गूळ-मीठ. दाणा सकाळी लवकर आणि उन्हे उतरल्यावर द्यायचा, कारण पचनानेही शरीर तापते. रमजान उन्हाळ्यात आला की दुपारी बारा ते चार कोणाच्याच अंगात त्राण नसते, तरी पाणी बदलायला उठावे लागते. जनावरांना रोजा नाही.

पावसाळ्याचे दुखणे वेगळे. तूस ओले झाले की रक्ती हगवण येते. पिल्ले पिसे फुलवून कोपऱ्यात बसतात आणि दोन दिवसांत जातात. २६ जुलै २००५ ला आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये, जेव्हा बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, उल्हास खोऱ्यात काय झाले ते सगळ्यांना आठवते. त्यामुळे इथे खुराडे जमिनीपासून निदान तीन फूट वर हवे.

कोंबड्यांचे शत्रू म्हणजे मुंगूस, घूस, मांजर आणि अंड्यांसाठी येणारी धामण. मोठ्या भोकांची जाळी फक्त कोंबड्या बाहेर जाऊ नयेत म्हणून उपयोगी. मुंगसाला आत येऊ द्यायचे नसेल तर अर्ध्या इंचाची जाळी लागते, आणि ती फूटभर जमिनीत गाडावी लागते. मुंगूस एक मारून नेत नाही, सापडतील तितक्या मारते. धामण मारू नये, ती उंदीर-घुशी खाते. अंडी दिवसातून दोनदा उचलली की ती आपोआप दुसरीकडे जाते.

साथ आली तर

लसीकरण हा हौशी माणसाचा सर्वांत अवघड विषय आहे. मानमोडीसाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवशी गंबोरो, पुढे सहा-आठ आठवड्यांत देवीची लस पंखात टोचून आणि मानमोडीची इंजेक्शनची लस. हे सगळे पुस्तकात सोपे वाटते. पण लसीची कुपी निघते शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची. ती बर्फात आणावी लागते आणि पातळ केल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. आपल्याकडे पिल्ले नऊ. यावर उपाय एकच, आसपासच्या हौशी मंडळींनी पिल्ले एकाच आठवड्यात आणायची आणि एक कुपी मिळून फोडायची. आमच्याकडे सहा घरे असे करतात, त्यात मराठी, सिंधी, उत्तर भारतीय सगळे आहेत. त्या सकाळी आमच्या ओट्यावर टोपल्यांची रांग लागते.

बर्ड फ्लूचे भय मात्र कुपीने जात नाही. देशात पहिल्यांदा तो आढळला तो आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो आमच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोलीत आला आणि एक किलोमीटरच्या परिसरातल्या सुमारे २५ हजार पक्ष्यांना मारण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरमध्ये घरगुती कोंबड्यांवर तीच पाळी आली.

नियम असा की बाधित जागेपासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारले जातात, निरोगी दिसणारेसुद्धा. मारलेल्या पक्ष्यांची ठरावीक दराने भरपाई मिळते; आधीच आजाराने मेलेल्यांची मिळत नाही. वेहळोलीच्या बातमीनंतर आमच्या गल्लीत एकच कुजबुज होती, पथक आले तर कोंबड्या कुठे लपवायच्या? कोणी म्हणे मुरबाडला पाठवू, कोणी म्हणे वाड्याला. माया कळते. पण साथीच्या जागेतून बाहेर पडू नका आणि साथ असलेल्या जागी जाऊ नका, ही प्रेषितांची (स.) शिकवण माणसांच्या साथीविषयी असली तरी तिच्यातले शहाणपण टोपलीत लपवलेल्या कोंबडीलाही लागू आहे. आजारी कोंबडी दुसऱ्या गावी नेणे म्हणजे त्या गावाच्या कोंबड्यांचा जीव घेणे. आमच्या सहा घरांनी तेव्हाच ठरवून टाकले की पथक आले तर दार उघडायचे. सुदैवाने ती वेळ आली नाही. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या, तुरे काळेनिळे पडले, तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. मेलेली फेकू नये. कोणी ती 'कापून घ्या' म्हटले तर ती मुर्दार आहे, हे वेगळे सांगायला नको.

हिशेब

गावठी कोंबडी वर्षाला साठेक अंडी देते. बंगळुरूला विकसित झालेली गिरिराज किंवा हैदराबादची वनराज त्याहून बरीच जास्त, पण पिंजऱ्यातल्या व्यापारी कोंबडीच्या तीनशेपर्यंत कोणी पोहोचत नाही. पिसे झडण्याच्या दिवसांत आणि हिवाळ्यात दिवस लहान झाले की अंडी बंदच होतात. दाणा मात्र चालू राहतो. खाद्य, तूस, लस, जाळी धरली तर घरचे अंडे दुकानातल्यापेक्षा महाग पडते. ज्याला हे पटत नाही त्याने वहीत तीन महिने लिहून पाहावे. या हौसेला धंद्याचे पंख लावणारे नेहमी भेटतात. २०१९ मध्ये कडकनाथच्या नावाने सांगली जिल्ह्यातून काय झाले आणि किती शेतकऱ्यांचे पैसे बुडाले, ते वर्तमानपत्रांत आलेच होते. बिचाऱ्या झाबुआच्या काळ्या कोंबडीचा त्यात काही दोष नव्हता. जाता जाता, जकातीविषयी विचारणा होते म्हणून: घरच्या वापराच्या कोंबड्यांवर जकात नाही; विक्रीसाठी पाळल्या तर त्या व्यापारी माल ठरतात.

मग ठेवता कशाला, असे कोणीही विचारील. मुलांच्या हाती कोवळे, अजून ऊबदार अंडे येते तेव्हाचा त्यांचा चेहरा, हे एक कारण. आमच्या घरातील आजी, ज्यांचे गुडघे दुखतात आणि ज्यांना दिवसभर कोणाशी बोलायला मिळत नाही, त्या असरनंतर खुर्ची टाकून कोंबड्यांना रागावत बसतात, हे दुसरे.

कामाची वाटणी आम्ही भिंतीवर लिहून ठेवली आहे. पाणी मोठ्या मुलाकडे, शाळेला जाण्यापूर्वी. विष्ठा काढणे अब्बांकडे, आणि यात कधी सूट नाही. दाणा अम्मीकडे. अंडी उचलणे आणि वहीत लिहिणे मुलीकडे. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. ती न खायला घालत होती, न मोकळे सोडत होती. ज्याला जाळीत ठेवले त्याचे पोट आपल्या जिम्म्यात आले.

मे महिन्यात लग्नांसाठी गावी जावे लागते, तेव्हा खुराडे शेजारच्या कांबळे वहिनींकडे सोपवतो. त्या कोंबडी खातात, पाळत नाहीत. पहिल्या वर्षी त्यांना सगळे तोंडी सांगितले होते. आता दारावर कागद लावतो: पाणी दोनदा, दुपारी दाणा नाही, संध्याकाळी मोजून डालायच्या, आणि अंडी तुमची. गेल्या वर्षी परतलो तेव्हा त्यांनी अकरा कोंबड्या मोजून दिल्या आणि खाली आपल्या अक्षरात लिहिले होते, "तांबडी खुडूक झाली आहे, मी बसवली नाही, तुमचे तुम्ही ठरवा."